पेसान्त्रेनमधील अभ्यासक्रमाचे आधुनिकीकरण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंडोनेशियातील पारंपरिक इस्लामी निवासी शाळांना पेसान्त्रेन म्हणतात. अशा तीस हजारांहून अधिक शाळा आज त्या देशात आहेत आणि त्यांत लाखो मुलेमुली राहून शिकतात. येथे काय शिकवावे आणि काय वगळावे, हा वाद शंभर वर्षांहून जुना आहे. शिक्षक, शिक्षणशास्त्राचे विद्यार्थी आणि अन्य देशांतील धार्मिक शिक्षणाचा विचार करणारे वाचक या विषयावर जे प्रश्न वारंवार विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. उत्तरांमध्ये माहितीबरोबर लेखकाची मतेही आहेत. ती मते म्हणून ओळखू येतील अशीच मांडली आहेत.

पेसान्त्रेन म्हणजे नेमके काय?

येथील विद्यार्थ्याला सान्त्री म्हणतात आणि जेथे सान्त्री राहतात ते पेसान्त्रेन. 'सान्त्री' हा शब्द संस्कृत 'शास्त्री'वरून आला असावा, असे मत काही अभ्यासकांनी मांडले आहे. त्याबद्दल मतभेद आहेत, पण मराठी वाचकाला त्या शब्दाची ओळख पटायला ते पुरेसे आहे. वसतिगृहाला पोंडोक म्हणतात आणि त्याचे मूळ धर्मशाळा किंवा सराई या अर्थाच्या अरबी शब्दात आहे. मशीद, वसतिगृह, सान्त्री, ग्रंथांचे अध्यापन आणि या सर्वांच्या केंद्रस्थानी असलेला किआई, म्हणजे गुरू, अशा पाच अंगांनी पेसान्त्रेन पूर्ण होते. बहुतेक ठिकाणी जमीन, इमारती आणि विद्येची परंपरा किआईच्या घराण्याशी बांधलेली असते. त्याच्या पत्नीला न्याई म्हणतात आणि मुलींच्या विभागाचा कारभार पुष्कळदा तीच पाहते. अभ्यासक्रम बदलायचा म्हटले की तो प्रत्यक्षात एका घराण्याने स्वीकारायचा असतो, सरकारी परिपत्रकाने तो परस्पर बदलत नाही, हे येथेच लक्षात घेतलेले बरे.

तेथे पारंपरिक पद्धतीने काय आणि कसे शिकवले जाते?

अभ्यासाचा गाभा 'किताब कुनिंग' म्हणजे 'पिवळी पुस्तके' हा आहे. पिवळसर कागदावर छापल्यामुळे हे नाव पडले. या अरबी ग्रंथांत स्वरचिन्हे नसतात, म्हणून त्यांना 'गुंडुल', म्हणजे बोडकी, असेही म्हणतात. स्वरचिन्हे नसली की शब्द कर्ता आहे की कर्म, क्रियापद कर्तरी आहे की कर्मणी, हे वाचणाऱ्याने व्याकरणाच्या बळावर ठरवायचे असते. त्यामुळे सुरुवात व्याकरणापासून होते. आधी 'आजुर्रुमिया' हे छोटे पुस्तक, नंतर 'इमरिती' आणि पुढे इब्न मालिकची हजार श्लोकांची 'अल्फिया' मुखोद्गत करायची. धर्मशास्त्रात शाफिई या इस्लामी विचारपंथाच्या परंपरेतील 'सफीनतुन नजा', 'फतहुल करीब' आणि 'फतहुल मुईन' अशी चढती पायरी असते. कुराणभाष्यासाठी 'तफसीर जलालैन' आणि आचारधर्मासाठी मध्ययुगीन विचारवंत गझालीचे ग्रंथ असतात.

शिकवण्याच्या दोन मुख्य रीती आहेत. 'सोरोगान'मध्ये एकेक सान्त्री पुस्तक घेऊन गुरूसमोर बसतो, स्वतः वाचतो आणि गुरू त्याच्या चुका दुरुस्त करतो. 'बांदोंगान'मध्ये किआई वाचून शब्दागणिक अर्थ सांगत जातो आणि समोर बसलेले शेकडो सान्त्री आपापल्या प्रतीत ओळींच्या मध्ये तिरक्या बारीक अक्षरात तो अर्थ लिहून घेतात. हे लेखन जावानी भाषेत पण अरबी वळणाच्या 'पेगोन' लिपीत असते. अर्थ ओळीखाली लोंबकळत असल्यासारखा दिसतो, म्हणून त्याला 'लोंबता अर्थ' असेच म्हणतात. यातील खरी गंमत व्याकरणाची आहे. वाक्यातील उद्देश्यासाठी 'उतावी' आणि विधेयासाठी 'इकु' असे ठरलेले जावानी शब्द आहेत, कर्त्यासाठी व कर्मासाठीही खुणा आहेत, आणि त्या सर्व एकेका अक्षराने दाखवल्या जातात. संस्कृत श्लोकाचा पदच्छेद करून अन्वय लावायला ज्यांनी लहानपणी शिकले आहे, त्यांना ही शिस्त लगेच ओळखीची वाटेल. भाषांतर आणि व्याकरणविश्लेषण एकाच वेळी करणारे हे साधन पिढ्यान्पिढ्या घासून तयार झालेले आहे. आधुनिकीकरणाच्या चर्चेत 'पाठांतर' या एका शब्दाखाली ते झाकले जाते, आणि माझ्या मते तेथेच चर्चा पहिल्यांदा चुकते.

'सलाफ' पेसान्त्रेन म्हणजे सलफी विचारसरणीची शाळा का?

नाही. इंडोनेशियात 'सलाफ' किंवा 'सलाफिया' पेसान्त्रेन म्हणजे जुन्या पद्धतीने किताब कुनिंग शिकवणारी शाळा. अशा बहुतेक शाळा नहदतुल उलमा या, १९२६ साली सुराबाया येथे स्थापन झालेल्या, परंपरानिष्ठ संघटनेच्या वर्तुळातील असतात, आणि सलफी चळवळ, म्हणजे आरंभीच्या इस्लामकडे परतण्याचा आग्रह धरणारी चळवळ, ज्या प्रथांना विरोध करते त्या तेथे श्रद्धेने पाळल्या जातात. ज्या शाळांनी वर्गवार शिक्षण व सामान्य विषय स्वीकारले, त्यांना 'खलाफ' किंवा 'मोडर्न' म्हणतात. दोन्हींचे मिश्रण असलेल्या शाळांची संख्याही मोठी आहे.

आधुनिकीकरणाची मागणी बाहेरून आली की आतून?

दोन्हीकडून आली, पण टिकाऊ बदल आतून आलेल्या मागणीनेच झाले. विसाव्या शतकाच्या आरंभी डच वसाहती सरकारने स्थानिकांसाठी शाळा वाढवल्या. त्यातून बाहेर पडलेला मुलगा कचेरीत नोकरीला लागे. त्याच सरकारने १९०५ च्या अध्यादेशाने इस्लामी धर्मशिक्षकांवर परवानगीची अट घातली, त्यामुळे सरकारी शिक्षणाविषयीचा संशय पेसान्त्रेनमध्ये खोल रुजला. १९१२ साली योग्यकार्ता येथे स्थापन झालेल्या मुहम्मदिया या सुधारणावादी इस्लामी संघटनेने बाके, फळा आणि सामान्य विषय असलेल्या शाळा काढल्या. १९३० च्या दशकात देशाच्या संस्कृतीवर जो मोठा वाद झाला, त्यात पाश्चात्त्य शिक्षणाचा पुरस्कार करणारे सुतान तकदिर अलिशाबाना एका बाजूला होते; स्वतः डॉक्टर असलेले सुतोमो दुसऱ्या बाजूला होते आणि पेसान्त्रेनची निवासी, साधी, गुरूशी जोडलेली शिक्षणपद्धती राष्ट्रीय शिक्षणाचा पाया व्हावी असे ते सांगत होते.

आतून आलेल्या बदलाचे सर्वांत बोलके उदाहरण पूर्व जावातील जोंबांग जिल्ह्यातल्या तेबुइरेंगचे आहे. हाशिम अशअरी यांनी १८९९ साली एका साखर कारखान्याच्या शेजारी ही शाळा सुरू केली. तेथे १९१९ च्या सुमारास मलाय भाषा, गणित आणि भूगोल हे विषय आले. त्यांचा मुलगा वाहिद हाशिम डच शाळेत गेला नव्हता. रोमन लिपी आणि परभाषा तो स्वतःच्या उद्योगाने शिकला होता. त्याने वडिलांपुढे मांडलेली सूचना आजही थक्क करते. शाळेत येणाऱ्या मुलांपैकी फार थोडी मुले पुढे उलमा, म्हणजे धर्माचे विद्वान, होतात, बाकीची घरी परततात. मग त्या सर्वांनी आयुष्याची अनेक वर्षे अरबी व्याकरणावर का घालवावीत, त्यांनी आपल्या भाषेतून धर्म शिकावा आणि उरलेल्या वेळात उपयोगी ज्ञान मिळवावे, असे त्याचे म्हणणे होते. बांदोंगानच्या जागी विद्यार्थ्याला बोलते करणारी पद्धत असावी, असेही त्याने सुचवले. वडिलांनी हा सरसकट बदल नाकारला, कारण त्यामुळे अन्य किआईंमध्ये खळबळ उडेल अशी त्यांना भीती होती; मात्र त्यांनी मुलाला त्याच आवारात वेगळी शाळा काढण्याची मुभा दिली. १९३४ साली सुरू झालेल्या या 'मदरसा निझामिया'त सुमारे सत्तर टक्के वेळ सामान्य विषयांना होता, आणि वाहिद हाशिम तेव्हा जेमतेम वीस वर्षांचा होता. पुढे १९४९ ते १९५२ या काळात तो देशाचा धर्मव्यवहार मंत्री झाला. त्याचा मुलगा अब्दुर्रहमान वाहिद १९९९ साली राष्ट्राध्यक्ष झाला.

पित्याने जुना वर्ग मोडला नाही आणि मुलाचा नवा वर्ग अडवला नाही. तेबुइरेंगची ही तोडगा काढण्याची रीत नंतर शेकडो ठिकाणी वापरली गेली.

गोंतोर या शाळेचे नाव नेहमी का घेतले जाते?

पूर्व जावातील पोनोरोगोजवळच्या गोंतोर गावात अहमद सहल, झैनुद्दीन फनानी आणि इमाम झरकशी या तिघा भावांनी १९२६ साली एक जुने, मोडकळीला आलेले पेसान्त्रेन नव्याने उभे केले. या तिघांना तेथे आजही 'त्रिमूर्ती' म्हणतात. १९३६ साली त्यांनी सहा वर्षांचा शिक्षक घडवणारा अभ्यासक्रम सुरू केला. त्यात अरबी भाषा व्याकरणाच्या पद्यांपासून सुरू न करता प्रत्यक्ष बोलण्यातून शिकवली जाऊ लागली. आवारात रोजचा व्यवहार अरबीत आणि इंग्रजीत व्हावा असा नियम झाला. सामान्य विषय आणि धर्म यांचे वेगळे कप्पे ठेवले गेले नाहीत, आणि शेवटच्या वर्षानंतर पदवीधराने एक वर्ष शिकवण्याची सेवा द्यावी अशी प्रथा पडली.

मला यापेक्षाही महत्त्वाचा वाटतो तो १९५८ चा निर्णय. त्या वर्षी संस्थापकांनी शाळेची मालमत्ता वक्फ करून पंधरा जणांच्या मंडळाच्या हाती सोपवली आणि आपल्या घराण्याचा हक्क सोडला. ज्या संस्थेत अभ्यासक्रम एका माणसाच्या ग्रंथज्ञानावर उभा असतो, तेथे तो गेल्यावर संस्था ओसाड पडते. जावात अशा ओसाड पोंडोकांची उदाहरणे पुष्कळ आहेत. मालकी बदलल्यामुळे गोंतोरचा अभ्यासक्रम व्यक्तीनिरपेक्ष झाला. आधुनिकीकरणाच्या यादीत ही गोष्ट क्वचितच लिहिली जाते.

गोंतोरमध्ये काही गमावले गेले का, असेही विचारले जाते. परंपरावादी किआईंचे उत्तर असे की, तेथील मुलगा अस्खलित अरबी बोलतो, पण बोडक्या ग्रंथातील अवघड धर्मशास्त्रीय उतारा सोडवताना लिरबोयो या जुन्या पद्धतीच्या पेसान्त्रेनमधील मुलाइतका खोलात जाऊ शकत नाही. या तक्रारीत तथ्य आहे, आणि गोंतोरचे समर्थकही ती पूर्णपणे नाकारत नाहीत. आपले उद्दिष्ट वेगळे आहे एवढेच ते सांगतात.

'सत्तर-तीस' म्हणजे काय?

१९७५ साली धर्मव्यवहार, शिक्षण आणि गृह या तीन खात्यांच्या मंत्र्यांनी संयुक्त निर्णय काढला. मदरशांनी सत्तर टक्के सामान्य विषय व तीस टक्के धार्मिक विषय शिकवले, तर त्यांचे प्रमाणपत्र सरकारी शाळेच्या तोडीचे मानले जाईल आणि विद्यार्थी एका व्यवस्थेतून दुसरीत जाऊ शकतील, असे त्यात ठरले. मदरसा म्हणजे येथे वर्गवार शिक्षण देणारी इस्लामी शाळा. ती पेसान्त्रेनच्या आवारात असू शकते किंवा स्वतंत्रही असू शकते. १९८९ च्या शिक्षण कायद्याने तिला 'इस्लामी वैशिष्ट्य असलेली सामान्य शाळा' असे स्थान दिले.

या निर्णयाने असंख्य मुलांना विद्यापीठाचे दार उघडले, ही गोष्ट निर्विवाद आहे. पण तीस टक्क्यांत बसवलेले धर्मशिक्षण पुस्तकी सारांशाच्या पातळीवर आले. मदरशातून बाहेर पडलेल्या मुलाला ना डॉक्टरकीच्या प्रवेशाची पुरेशी तयारी, ना किताब वाचण्याची ताकद, अशी खंत त्या पिढीतील शिक्षक व्यक्त करत आले आहेत.

मग एका मुलाच्या दिवसात हे सगळे मावते कसे?

या पानावरील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, आणि धोरणाच्या कागदपत्रांत तो सर्वांत कमी विचारला जातो. मिश्र पद्धतीच्या पेसान्त्रेनमध्ये मूल पहाटेच्या नमाजापूर्वी उठते. नमाजानंतर कुराण किंवा एखाद्या किताबाचा पाठ असतो. सात वाजता आवारातील मदरसा किंवा शाळा सुरू होते आणि ती दुपारपर्यंत चालते. दुपारनंतर धार्मिक वर्ग, सूर्यास्तानंतर पुन्हा पाठ, रात्रीच्या नमाजानंतर बांदोंगान किंवा सामूहिक उजळणी, आणि मग झोप. धुणे आणि खोलीची सफाई ही कामे यातच उरकायची असतात. सरकारी अभ्यासक्रम संपूर्ण आणि पेसान्त्रेनचा अभ्यासक्रमही संपूर्ण, असे दोन डोंगर त्याच्या खांद्यावर ठेवले जातात, आणि संस्था आपल्या माहितीपत्रकात त्याला 'एकात्मिक' असे नाव देते.

मुले वर्गात झोपतात ती आळशी असतात म्हणून नव्हे. चौदा वर्षांच्या मुलाला किती झोप लागते, हे ज्याला मान्य आहे त्याने हे वेळापत्रक कागदावर मांडून तास मोजावेत. एकात्मिक अभ्यासक्रमाचा खरा अर्थ काहीतरी कमी करणे हा आहे. इतिहासाच्या सरकारी पाठात जे शिकवले जाते त्याची पुनरुक्ती धार्मिक इतिहासाच्या तासात करू नये. वारसाहक्काच्या धर्मशास्त्रीय पाठात अपूर्णांकांची बेरीज आणि प्रमाण यांचे गणित पूर्ण येते, ते गणिताच्या तासाशी जोडावे. नमाजाच्या वेळा आणि चंद्रदर्शन यांची गणना करणारे 'फलक' शास्त्र भूगोल व खगोलाच्या तासात शिकवावे. हे जोड पारंपरिक ग्रंथांतच आहेत, ते बाहेरून आणावे लागत नाहीत. ते शोधायला मात्र दोन्ही विषय जाणणारा शिक्षक लागतो, आणि त्याला त्यासाठी मोकळा वेळ लागतो.

वर्षाचे गणितही वेगळे असते. जुन्या पेसान्त्रेनचे वर्ष इस्लामी पंचांगाप्रमाणे शव्वाल महिन्यात सुरू होऊन शाबान महिन्यात संपते, साप्ताहिक सुटी शुक्रवारी असते, आणि रमजानमध्ये काही आठवड्यांत एखादा संपूर्ण ग्रंथ वाचून संपवण्याचे खास सत्र भरते. त्या सत्रासाठी अन्य पेसान्त्रेनमधूनही सान्त्री येतात. सरकारी शाळेचे वर्ष जुलैमध्ये सुरू होते. दोन्ही दिनदर्शिका एकाच आवारात चालवणाऱ्या व्यवस्थापकांची ओढाताण बाहेरच्या माणसाला सहसा दिसत नाही.

२०१९ च्या कायद्याने काय बदलले?

२०१९ च्या १८ क्रमांकाच्या कायद्याने पेसान्त्रेनला स्वतःच्या पायावर मान्यता दिली. शिक्षण, धर्मप्रसार आणि लोकांचे सबलीकरण अशी त्याची तीन कार्ये कायद्यात नोंदवली आहेत. किताब कुनिंगवर आधारलेली, गोंतोरसारख्या शिक्षक घडवणाऱ्या पद्धतीची, आणि सामान्य शिक्षणाशी जोडलेली, अशा तिन्ही प्रकारच्या संस्थांना त्यात स्थान आहे. अभ्यासक्रमाच्या दृष्टीने दोन तरतुदी महत्त्वाच्या आहेत. पहिली अशी की, सरकारी अभ्यासक्रम न घेतलेल्या पण मान्यताप्राप्त पेसान्त्रेनच्या पदवीला औपचारिक शिक्षणाची समकक्षता मिळते. दुसरी अशी की, गुणवत्तेचे निकष ठरवण्याचे काम 'मजलिस मशाइख' या, पेसान्त्रेनमधील विद्वानांच्या, राष्ट्रीय मंडळाकडे आहे. नऊ सदस्यांचे हे मंडळ २०२१ च्या अखेरीस नेमले गेले. प्रत्येक संस्थेत अंतर्गत देखरेखीसाठी स्वतःचे विद्वानमंडळ असावे, अशीही व्यवस्था आहे. २०२१ च्या राष्ट्राध्यक्षीय नियमाने पेसान्त्रेनच्या निधीची, त्यातही कायम निधीची, तरतूद झाली.

याआधीच्या नियमांनुसार मान्यता हव्या असलेल्या संस्थेने नागरिकशास्त्र, इंडोनेशियन भाषा, गणित आणि विज्ञान हे किमान चार सामान्य विषय शिकवायचे असतात. माझ्या मते हा चार विषयांचा किमान गाभा 'सत्तर-तीस'पेक्षा कितीतरी शहाणपणाचा आहे, कारण त्यात ग्रंथवाचनाचा वेळ शाबूत राहतो आणि मूल व्यवहारातही अडत नाही.

सरकारी शाळेत न गेलेल्या सान्त्रीला विद्यापीठात जाता येते का?

येते, जर त्याची संस्था समकक्ष मान्यता असलेली असेल किंवा त्याने समकक्षतेची परीक्षा दिली असेल. धर्मव्यवहार मंत्रालयाने २००५ पासून गुणवंत सान्त्रींना नामांकित विद्यापीठांत शिकण्यासाठी शिष्यवृत्ती दिली आहे. ज्यांना किताबांच्या अभ्यासातच पुढे जायचे आहे त्यांच्यासाठी 'मअहद आली' हे पेसान्त्रेनमधील उच्च शिक्षण आहे. २०१६ साली अशा तेरा संस्थांना प्रथम मान्यता मिळाली. प्रवेशापूर्वी मुलाच्या संस्थेला कोणत्या स्वरूपाची मान्यता आहे, हे पालकांनी लेखी स्वरूपात पाहून घ्यावे.

विरोध करणाऱ्या किआईंचे म्हणणे काय आहे?

त्यांचे म्हणणे नीट ऐकण्यासारखे आहे. समाजाला अभियंते आणि लेखापाल देणाऱ्या संस्था हजारो आहेत. वारसाहक्काचा गुंता सोडवणारा, मूळ ग्रंथ स्वतः वाचून निर्णय देणारा माणूस घडवणारी संस्था मात्र एकच आहे. तिने आपले काम सोडले तर ते कोणीच करणार नाही. असा माणूस घडायला दहा-बारा वर्षे लागतात आणि अर्ध्या वेळात तो घडत नाही. दुसरा मुद्दा असा की, प्रमाणपत्राला महत्त्व आले की विद्यार्थी ज्ञानासाठी न येता कागदासाठी येतात. केदिरी येथील लिरबोयो आणि पासुरुआन येथील सिदोगिरी यांसारख्या मोठ्या संस्थांनी आपली सलाफ ओळख जपली आहे आणि त्यांच्याकडे विद्यार्थ्यांची रीघ कमी झालेली नाही. म्हणजे पालकांनाही हे म्हणणे पटते.

मला या युक्तिवादात एक उणीव दिसते, आणि ती वाहिद हाशिमने १९३४ पूर्वीच दाखवली होती. विद्वान होणारी मुले थोडी असतात. जो मुलगा चार वर्षांनी घरी परततो आणि ज्याला ना ग्रंथ पुरता वाचता येतो ना हिशोब, त्याच्याविषयी संस्थेची जबाबदारी काय, याचे उत्तर विरोधकांनी द्यायला हवे. २००० सालापासून सलाफ पेसान्त्रेनमध्ये नऊ वर्षांच्या सक्तीच्या शिक्षणाचा जो कार्यक्रम आला, तो नेमका या मुलांसाठी होता.

आधुनिकीकरण म्हणजे नवे विषय जोडणे एवढेच का?

नाही, आणि मला सर्वाधिक आशा वाटते ती विषय न वाढवता झालेल्या बदलांविषयी. पेसान्त्रेनमध्ये 'बहसुल मसाइल' नावाची चर्चासत्रे होतात. एखादा नवा प्रश्न समोर ठेवला जातो आणि सान्त्री ग्रंथांतून आधार शोधून वाद घालतात. पूर्वी एखाद्या ग्रंथातले वाक्य सापडले की प्रश्न मिटत असे. १९९२ साली लांपुंग येथे नहदतुल उलमाच्या विद्वानांच्या परिषदेने ठरवले की, ग्रंथातील मत जसेच्या तसे लागू होत नसेल तेव्हा पूर्वसूरींनी ज्या पद्धतीने विचार केला ती पद्धत अनुसरावी. हा निर्णय वर्गापर्यंत पोचला तेव्हा 'उसूल', म्हणजे धर्मशास्त्राची तर्कपद्धती, या विषयाला नवे महत्त्व आले. मध्य जावातील काजेन येथील किआई सहल महफूझ यांनी गरिबी, आरोग्य आणि उपजीविका या प्रश्नांकडे धर्मशास्त्राच्या नजरेतून पाहत 'सामाजिक फिकह' (फिकह म्हणजे इस्लामी धर्मशास्त्र) मांडला, तो याच वळणाचा होता.

आणखी एक उदाहरण द्यायला हवे. एकोणिसाव्या शतकातील बांतेनचे विद्वान नववी यांचे पतीपत्नीच्या कर्तव्यांवरील 'उकूदुल लुज्जैन' हे पुस्तक पेसान्त्रेनमध्ये पिढ्यान्पिढ्या वाचले जाते. त्यातील स्त्रीविषयीची मते आज अनेकांना खटकतात. १९९७ पासून अब्दुर्रहमान वाहिद यांच्या पत्नी सिंता नूरिया यांच्या पुढाकाराने एका अभ्यासगटाने ते पुस्तक हाती घेतले. अभ्यासक्रमातून काढून टाका, असे म्हणण्याऐवजी या गटाने त्यातील प्रत्येक हदीसची, म्हणजे पैगंबरांच्या नावे सांगितलेल्या वचनाची, परंपरा तपासली, कोणती दुर्बल आहे आणि कोणती निराधार आहे ते दाखवले, आणि २००१ साली आपले भाष्य प्रसिद्ध केले. वापरलेली साधने पूर्णपणे पेसान्त्रेनचीच होती. त्यामुळे विरोध करणाऱ्यांनाही त्याच भाषेत उत्तर द्यावे लागले.

मुलींच्या शिक्षणाची स्थिती काय आहे?

किआई बिस्री शनसुरी यांनी १९१९ साली जोंबांगमधील देनान्यार येथे मुलींसाठी वर्ग उघडला. त्या काळी हे धाडसच होते. १९२३ साली पश्चिम सुमात्रातील पादांग पांजांग येथे रहमा अल-युनुसिया यांनी केवळ मुलींची शाळा काढली. कैरोच्या अल-अझहर या इस्लामी विद्यापीठाच्या प्रमुखांनी १९५५ साली तिला भेट दिली, आणि अल-अझहरने पुढे रहमा यांना 'शेखा' ही पदवी दिली. आज मुलींचे पेसान्त्रेन सर्वत्र आहेत. पण मुलींना शिकवले जाणारे ग्रंथ पुष्कळ ठिकाणी मुलांपेक्षा प्राथमिक असतात आणि बहसुल मसाइलमध्ये त्यांचा आवाज उशिरा पोचला. एप्रिल २०१७ मध्ये चिरेबोन येथील न्याई मसरिया अमवा यांच्या पेसान्त्रेनमध्ये स्त्री-उलमांची परिषद भरली आणि तिने लैंगिक हिंसा, बालविवाह व पर्यावरणाचा नाश या तीन विषयांवर धार्मिक मत दिले. स्वतः किताब वाचू शकणाऱ्या स्त्रिया नसत्या तर ही परिषद झालीच नसती. म्हणून मुलींसाठी 'हलका' अभ्यासक्रम ठेवण्याला माझा स्पष्ट विरोध आहे.

गुरूविषयीचा आदर आणि मुलांची सुरक्षितता यांचा अभ्यासक्रमाशी काय संबंध?

थेट संबंध आहे. 'तालीमुल मुतअल्लिम' हा झरनूजीचा ग्रंथ जवळपास प्रत्येक सान्त्री वाचतो. विद्येचा लाभ गुरूच्या आदरातून होतो, असे तो शिकवतो. हा संस्कार सुंदर आहे. परंतु निवासी संस्थेत, घरापासून दूर असलेल्या मुलाला, गुरूची प्रत्येक गोष्ट निमूटपणे सोसायची आहे असा त्याचा अर्थ लावला गेला, तर अत्याचार लपतो. पश्चिम जावात एका धर्मशिक्षकाने तेरा विद्यार्थिनींवर केलेल्या अत्याचारांबद्दल २०२२ साली न्यायालयाने त्याला दोषी ठरवले, आणि त्याच वर्षी धर्मव्यवहार मंत्रालयाने आपल्या अखत्यारीतील शिक्षणसंस्थांतील लैंगिक हिंसा रोखण्यासाठी नियम केले. नियम भिंतीवर लावून मुले बोलत नाहीत. आदर कोठे संपतो आणि गुन्ह्याबद्दल बोलणे हे कर्तव्य कोठे सुरू होते, हे ज्या तासाला 'तालीमुल मुतअल्लिम' शिकवला जातो त्याच तासाला, त्याच शिक्षकाने सांगायला हवे. हे काम पुढे ढकलण्यासारखे नाही.

सामान्य विषय आले की कट्टरतेला आळा बसतो का?

असे सरळ नाते दाखवता येत नाही. २००२ च्या बाली बाँबस्फोटांनंतर सर्वच पेसान्त्रेनकडे संशयाने पाहिले गेले. प्रत्यक्षात नावे पुढे आली ती मोजक्या संस्थांची, आणि त्यांत वर्गवार शिक्षण व सामान्य विषयही होते. उलट, एकाच प्रश्नावर चार विद्वानांची चार मते वाचण्याची सवय लावणारा जुना फिकहचा वर्ग एकमार्गी विचाराला स्वभावतःच अवघड जातो. सुरक्षेच्या भीतीपोटी अभ्यासक्रम बदलू पाहणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

संगणक आणि मोबाइल यांचे काय?

अनेक संस्थांत सान्त्रींना मोबाइल ठेवता येत नाही. मात्र बहसुल मसाइलची तयारी करताना हजारो अरबी ग्रंथ साठवलेली शोधप्रणाली सर्रास वापरली जाते. त्यामुळे आधार सापडतो लवकर, पण मागचा-पुढचा संदर्भ न वाचता वाक्य उचलले जाण्याचा धोका वाढतो. शोधून सापडलेला उतारा पूर्ण प्रकरणासह सोरोगान पद्धतीने वाचून दाखवावा, असा नियम केल्यास हा धोका बराच कमी होईल.

बदलाची सुरुवात करू इच्छिणाऱ्या लहान पेसान्त्रेनने पहिल्या वर्षी काय करावे?

नवे विषय जाहीर करण्यापूर्वी शिक्षकांकडे पाहावे. लहान संस्थेत शिकवणारे बहुतेक जण तेथेच शिकलेले ज्येष्ठ सान्त्री असतात. त्यांना किताब येतो, पण गणित शिकवण्याचे प्रशिक्षण मिळालेले नसते. बाहेरून आणलेल्या गणितशिक्षकाला गणित येते, पण तो चारला घरी जातो आणि पोंडोकच्या जीवनाला परका राहतो. पहिल्या वर्षी दोन-तीन ज्येष्ठ सान्त्रींना शेजारच्या अध्यापक महाविद्यालयात पाठवावे आणि त्यांच्या तासांची सोय लावावी. त्याच काळात सर्व वर्गांचे आठवड्याचे वेळापत्रक एका मोठ्या कागदावर मांडून, झोप, जेवण, धुणे आणि खेळ यांचे तास आधी भरावेत. उरलेल्या तासांत काय बसते आणि काय बसत नाही, हे किआई, न्याई, शिक्षक आणि वरच्या वर्गातील सान्त्री यांनी एकत्र बसून ठरवावे. वगळलेल्या प्रत्येक ग्रंथासाठी, ज्या मुलांना तो हवाच आहे त्यांच्यासाठी, रमजानच्या सत्रात जागा ठेवावी.